सासू कुठे झोपते?

मुलुंडात रिक्षावाल्याला नुसतं 'कालिदास' म्हटलं की पुरतं. तो मेघदूताची चौकशी न करता नाट्यगृहाच्या दारात आणून सोडतो. शेजारीच पोहण्याचा तलाव असल्यामुळे महाकवीच्या अंगणात ओल्या केसांची पोरं वडापाव खात उभी असतात. पालिकेने हे नाव ठरवलं तेव्हा 'कुमारसंभवा'चा आठवा सर्ग कुणी उघडून पाहिला नसणार. पाहिला असता तर ठराव पुढच्या सभेवर गेला असता.

त्या सर्गात शंकर-पार्वतीच्या लग्नानंतरचे दिवस आहेत. आणि रात्री. नवव्या शतकातल्या काश्मीरच्या काव्यमीमांसक आनंदवर्धनाला हे प्रकरण जड गेलं. थोरामोठ्यांचा असला शृंगार रंगवणं म्हणजे आपल्याच आईबापांचा रंगवण्याइतकं असभ्य, असं त्याचं मत. पण कालिदासाची शक्तीच अशी की त्याच्या हातून ते ग्राम्य वाटत नाही, असंही तोच म्हणतो. थोडक्यात, गुन्हा घडला आहे, पण आरोपी लिहितो फार छान.

शृंगारिक कुठे संपतं आणि अश्लील कुठे सुरू होतं, हा प्रश्न मला यंदा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर भेटला. बाबांचं वर्गीकरण सोपं होतं. काचेच्या कपाटात असेल ते साहित्य, माळ्यावर असेल ते 'तसलं'. स. आ. जोगळेकरांनी 1956 साली संपादित केलेली हालाची 'गाथासप्तशती' काचेत होती, कारण ती जाडजूड, प्राकृत आणि पुष्कळ टिपांची. आजी तिला दुर्गासप्तशती समजून दसऱ्याला हळदकुंकू वाहायची. आतल्या गाथांत कोण कुणाला कुठल्या शेतात बोलावतंय, हे तिला कुणी सांगितलं नाही. 'रंभा'चे अंक मात्र वर्तमानपत्राचं कव्हर घालून, सुतळीने बांधून माळ्यावर.

'रंभा'च्या 1962 च्या दिवाळी अंकातली चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा अश्लील आहे म्हणून खटला झाला. तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1969 साली काकोडकर निर्दोष सुटले. गंमत म्हणजे त्याच वर्षी 'दो रास्ते' आला. त्याची कथा त्यांच्याच 'नीलांबरी' कादंबरीवरची. आम्ही आजीसकट सगळे तो बघून, डोळे पुसत घरी आलो. लेखक एकच, पण एक पुस्तक माळ्यावर आणि दुसऱ्याला रुमाल.

कायद्याची तऱ्हा तर आणखी न्यारी. 1868 साली एका इंग्रज न्यायाधीशाने ठरवून टाकलं की, ज्याचं मन बिघडू शकतं अशा माणसाच्या हाती पुस्तक पडलं तर काय होईल, ते बघा. मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्यावर 'लेडी चॅटर्ली'वरून खटला झाला, तेव्हा 1964 साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही हीच फूटपट्टी हातात घेतली. ती बाजूला ठेवली 2014 साली. तोवर पुस्तकाची परीक्षा त्याच्या सगळ्यात कच्च्या वाचकावरून व्हायची. आमच्या घरात तो वाचक मी होतो.

मला बिघडवण्याचं काम 'आवाज'च्या खिडकीने केलं. 1951 साली मधुकर पाटकरांनी सुरू केलेल्या या दिवाळी अंकातली खिडकीचित्रं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना सांगायला नको. वरच्या चित्रात बाई अशी काही उभी की आपले कान तापावेत. मग कापलेली खिडकी उलटायची, तर मागे भलतंच निरुपद्रवी काहीतरी निघायचं. चित्रात अश्लील काही नसायचंच, असायचं ते आपण घरून आणलेलं. बाबा अंक घरी आणल्याबरोबर एखाददुसरी खिडकी डिंकाने चिकटवून टाकत. त्या बंद खिडकीमागे मी शाळेतली तीन वर्षं जे जे बघितलं, ते कुठल्याही चित्रकाराला जमलं नसतं.

तरीही फरक आहेच, असं माझं मत आहे, आणि तो अंगावर कपडे किती यावर नाही. गाथासप्तशतीत एक सून रातांधळ्या वाटसरूला सांगते की सासू इथे झोपते, मी इथे, उजेडात नीट बघून ठेव, रात्री चुकून आमच्या अंथरुणावर पडशील. आनंदवर्धनानेही हीच गाथा उदाहरणाला घेतली आहे. बोलणं मनाईचं, अर्थ आमंत्रणाचा. पण मला त्यात दिसते ती सासू. मिठागर रोडवरच्या आमच्या रूम-किचनमध्ये सात माणसं होती, आणि आजी ऐन दाराशी झोपायची. त्या घरात आम्ही तीन भावंडं कशी झालो... जाऊ दे, आनंदवर्धन रागावेल.

पुढे मित्रांनी व्हीसीआर भाड्याने आणून बीपी दाखवली. (आता बीपी म्हटलं की सकाळची गोळी.) तीन कॅसेटी पाहिल्या, एकीतही सासू नव्हती. शेजारीण नाही, पाऊस नाही, कुणी येईल ही धास्ती नाही. माणसांना नावंसुद्धा नव्हती. एवढी मोकळी जागा मुलुंडात कुणाकडे असते? तिसऱ्या कॅसेटला आमच्यातला एकजण चक्क घोरायला लागला.

सूनबाईला माळा सुटकेसींसाठी हवा आहे. 'आवाज'चे अंक मी काचेच्या कपाटात, गाथासप्तशतीला लागून लावले. एका अंकातली डिंकाची खिडकी अजून बंद आहे.