चौथा गिअर, हॉल ते स्वयंपाकघर

विजेवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाडीला गिअरबॉक्सची गरज नसते. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्या गरज नसलेल्या गिअरबॉक्सबद्दलच आहे.

पेट्रोलचं इंजिन स्वभावाने जरा नखरेल. सावकाश फिरत असलं तर त्याच्यात जोर नसतो, फार पिळलं तर दम लागतो. मधल्या थोड्याशा टापूतच ते खुशीत असतं आणि त्याला तिथे ठेवण्यासाठीच गिअरचा एवढा खटाटोप. विजेच्या मोटरचं तसं नाही. ती जागेवरून हलायच्या आधीच सगळा जोर लावायला तयार असते. म्हणून रस्त्यावरच्या विजेच्या गाड्यांना बहुतेक एकच गिअर असतो आणि चालवणाऱ्याचा डावा हात बेकार झालेला असतो. म्हणजे खऱ्या गाड्या गिअर टाकून द्यायला निघालेल्या असताना काही प्रौढ माणसं, रात्री जेवणं उरकल्यावर, लेगोचे तुकडे जोडून हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत जाणाऱ्या गाडीत चार गिअर बसवत असतात. त्यांतलाच मी एक.

घरच्यांचा याला विरोध नाही. "गाडी किती जोरात पळते?" एवढंच ते विचारतात, आणि उत्तर ऐकून पायी स्वयंपाकघरात जातात.

या खेळाचं मूळ डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात आहे. ओले किर्क क्रिस्तियान्सेन नावाच्या सुताराने १९३२ साली तिथे लाकडी खेळणी करायला सुरुवात केली. आज आपण ओळखतो त्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्याचं पेटंट १९५८चं, आणि भोकं पाडलेल्या ठोकळ्यांतून दांडे ओवून दातेरी चाकं फिरवायची सोय आली १९७७ साली. त्या वर्षीच्या मोटारीच्या सांगाड्याला चालणारं स्टिअरिंग होतं आणि वरखाली होणारे पिस्टनही होते. हे पिस्टन मला फार आवडतात. खऱ्या गाडीत पिस्टन चाकांना फिरवतात; इथे आपण गाडी ढकलायची, चाकं फिरणार, आणि चाकं फिरली म्हणून पिस्टन हलणार. सगळी गंगा उलटी. मोटर बसवली तरी पिस्टनची नोकरी शोभेचीच राहते. ते काहीच करत नाहीत, पण करताना फार कामात दिसतात. अशी माणसं मी कचेरीत पाहिली आहेत, आणि त्यांचा पगार माझ्यापेक्षा जास्त होता.

गिअरबॉक्स मात्र शोभेचा नाही. तो खोटं बोलूच शकत नाही, कारण दाते मोजता येतात. या चाकांमध्ये ८, १२, १६, २०, २४ अशा दात्यांची चाकं असतात आणि ज्याने कोणी हे आकडे ठरवले त्याला मी मनोमन नमस्कार करतो. आठाशेजारी चोवीस ठेवा, बाराशेजारी वीस ठेवा, सोळाशेजारी सोळा ठेवा: बेरीज दर वेळी ३२. बेरीज तीच म्हणून दोन दांड्यांमधलं अंतरही तेच, बरोबर दोन भोकांचं, म्हणजे १६ मिलिमीटर. दोन दांडे समांतर ठेवले की त्यांच्यावर या जोड्या ओळीने बसत जातात, कुठे घासत नाहीत, कुठे फट राहत नाही. आठाने चोवीसला फिरवलं तर तीन फेऱ्यांची एक होते आणि जोर तिप्पट. हा पहिला गिअर. बाराने वीसला फिरवलं तर पाचाच्या तीन. सोळाला सोळा म्हणजे जेवढ्यास तेवढं. आणि विसाने बाराला फिरवलं तर तिनाच्या पाच. हा चौथा, उधळपट्टीचा. शाळेत गुणोत्तर-प्रमाण शिकवताना आमच्यासमोर आंब्यांच्या पेट्या आणि मजुरांचे दिवस ठेवले जात. त्याऐवजी ही चार जोडपी ठेवली असती तर वर्गातल्या निम्म्या पोरांचं गणित सुटलं असतं.

चालत्या गाडीत जोडी बदलायची कशी, ही खरी गंमत. १९९४ साली लेगोची सुपर कार आली. चारही चाकांना जोर, चारही चाकांना स्टिअरिंग, चार गिअर. मोटर नाही, पण थाट पूर्ण. तिच्याबरोबर एक छोटी करडी कडी आली. ही कडी दांड्याबरोबर फिरते आणि दांड्यावर थोडी डावी-उजवीकडे सरकते. दोन्ही बाजूंना १६ दात्यांची दोन चाकं त्याच दांड्यावर मोकळी फिरत असतात. कडी डावीकडे सरकली की डाव्या चाकाच्या कुशीतल्या खाचांत अडकते आणि ते चाक कामाला लागतं. उजवीकडे सरकली की उजवं. मध्ये राहिली तर न्यूट्रल: मोटर घुमते आहे, दातेरी चाकं गरगरताहेत आणि गाडी ढिम्म. चार गिअरला अशा दोन कड्या लागतात. दोन्ही चुकून एकदम अडकल्या तर एकाच दांड्याला एकाच वेळी दोन वेगांनी फिरण्याचा हुकूम मिळतो आणि सगळं जागच्या जागी आवळून बसतं. खऱ्या गाडीत हे होऊ नये म्हणून आत वेगळा अडसर असतो. खेळण्यात त्यासाठी २४ दात्यांचं एक पांढरं चाक वापरतात. जोर मर्यादेबाहेर गेला की ते टकटक करत आतल्या आत घसरतं आणि मोटर वाचते. ती मर्यादा त्याच्या अंगावर बारीक अक्षरांत छापलेली असते. मोठ्या माणसांच्या अंगावरही छापायला हरकत नव्हती.

आता दलालीबद्दल. वेग देऊन जोर घ्यायचा किंवा जोर देऊन वेग घ्यायचा, हा सौदा कागदावर चोख असतो. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक दातेरी जोडी आणि दांडा ज्यातून जातो ते प्रत्येक भोक, दोघंही घर्षणाची दलाली कापून घेतात. मोटरकडून निघालेला माल चाकापर्यंत पोचतो तेव्हा बराच हलका झालेला असतो. त्यात प्लॅस्टिकचा दांडा लांब असला तर जोराखाली पीळ खातो. म्हणून जाणकार वेग शेवटी शेवटी, चाकाजवळ उतरवतात: मधले दांडे हलक्या हाताने भरभर फिरू द्यायचे आणि जोर निर्माण करायचा तो दाराशी आल्यावर.

ही दलाली किती असते ते पाहायचं तर २०१८ची गोष्ट पाहावी. त्या वर्षी बुगाटी शिराँ ही मोटार लेगोच्या तुकड्यांतून खऱ्या आकाराची बांधली, चेक प्रजासत्ताकातल्या क्लाद्नो इथल्या कारखान्यात. दहा लाखांवर तुकडे, २३०४ खेळण्यातल्या मोटरी, ४०३२ दातेरी चाकं, वजन दीड टन. जर्मनीतल्या चाचणीच्या रस्त्यावर ती माणूस बसवून चालवली. वेग ताशी विसाच्या थोडा वर. खऱ्या शिराँची ताकद १५०० अश्वशक्ती; हिची काढली तर निघाली ५.३. आपल्या गल्लीत भाजी आणायला जाणाऱ्या स्कूटरचा जोर याहून जास्त असतो. पण वाचून मला हसू आलं नाही, उलट हेवा वाटला. ४०३२ दातेरी चाकांना एकाच वेळी एकमेकांचं ऐकायला लावणं ही काय थट्टा आहे? आमच्या सोसायटीत सतरा सभासद आहेत.

माझ्या गाडीला छत नाही. छत लावलं की गिअरबॉक्स दिसत नाही, आणि दिसला नाही तर तो बसवला कशाला, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर उरत नाही. तिची खरी कदर केली ती शेजारच्या काकांनी. काका एसटीत ड्रायव्हर होते, आंबा घाटात बराच काळ काढलेला. त्यांनी आधी गाडीकडे पाहिलंच नाही. डोळे मिटून आवाज ऐकला.

"क्लच कुठाय?"

"नाही काका. कडी सरकवायची, तीच अडकते."

"चालू गाडीत? मग दात झिजणार की रे."

त्यांचं बरोबर होतं. दोन फिरत्या गोष्टींचा वेग जुळल्याशिवाय एकीने दुसरीत शिरू नये. हे जुळवायचं काम गाडीने स्वतःच करण्याची सोय कॅडिलॅकने १९२८ साली आणली. पण काकांच्या जुन्या बसगाड्यांना ती नव्हती. तिथे डबल क्लच मारावा लागे: क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, जरा रेस द्या, पुन्हा क्लच, मग गिअर. हे सगळं घाटाच्या वळणावर, मागे पन्नास माणसं आणि टपावर कोंबड्यांची खुराडी असताना. हे सांगताना काकांचा डावा पाय सतरंजीवर नकळत दाबला जात होता.

मग त्यांनी घाट मागितला. कपाटाची फळी काढून एक टोक दिवाळी अंकांवर टेकवलं. चौथ्यात गाडीने पायथ्यालाच कण्हून मान टाकली. तिसऱ्यात थोडी चढली आणि थांबली. काकांनी खाली वाकून बोटाच्या टोकाने पहिला टाकला, अगदी हळू, रेस कमी करून, मी कधी टाकत नाही तसा. गाडी संथपणे, काही घाई नसल्यासारखी चढू लागली. काकांनी आणखी दोन अंक खाली सरकवले. ती चढतच राहिली. कथा-कवितांचा इतका भक्कम उपयोग मी आजवर पाहिला नव्हता.

वरून परत फिरवताना मी कडी मध्ये आणली, म्हटलं आता आपोआप उतरेल. काका जवळजवळ ओरडलेच.

"उतारावर न्यूट्रल? डेपोत मेमो मिळाला असता तुला! ज्या गिअरला चढलास त्याच गिअरला उतर."

मी मुकाट्याने पहिला टाकला. गाडी पायरी पायरीने खाली आली, पिस्टन नेहमीप्रमाणे फार कामात. सतरंजीवर टेकली तेव्हा काकांनी ती उचलून चहूबाजूंनी पाहिली, पोटाखाली पाहिली, स्टिअरिंग फिरवून पाहिलं.

"बाकी सगळं ठीक," ते म्हणाले, "पण हॉर्न कुठाय?"