गव्हाणीला रोषणाई, आईला पायऱ्या
नाताळात सोलापुरातल्या चर्चांमध्ये गव्हाणी सजते. दिवे मरीयेवर, कौतुक बाळाचं. पण मागच्या बाकावर खरंखुरं बाळ भुकेनं रडलं, की चार माना वळतात आणि आई पदर सावरत बाहेर पायऱ्यांवर येते. उपदेश पाऊण तास चालणार, हे बाळाला कुणी आधी कळवलेलं नसतं. डिसेंबरात एक वेळ ठीक. सोलापूरच्या मे महिन्यात दुचाक्यांच्या आडोशाला पाजणं ही तपश्चर्याच.

शंभरेक वर्षांपूर्वी याच शहरात अमेरिकन मराठी मिशन बालवाडी चालवत होतं. म्हणजे मुलं चालतात. फक्त थोडी मोठी होऊन यावीत! ८ जानेवारी २०१७ रोजी पोप फ्रान्सिस यांनी थेट सिस्टिन चॅपेलमध्ये, २८ बाळांच्या बाप्तिस्म्याच्या वेळी, आयांना न संकोचता पाजायला सांगितलं. पण आमच्या चर्चचे पंच प्रॉटेस्टंट, ते पोपचं कशाला ऐकतील? बरं, मग एसटीचं ऐका. तिच्या स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी हिरकणी कक्ष आहेत. काहींना कुलूप असतं, पण निदान पाटी तरी असते.

तेव्हा पंचमंडळी, नव्या साउंड सिस्टीमच्या आधी एक पंखा, एक खुर्ची आणि एक पडदा मंजूर करा. आणि जिला बाकावरच पाजायचंय, तिला बसू द्या.