भावी अश्वपतींस अनावृत पत्र

मा. भावी अश्वपती यांस,


मार्गशीर्ष लागला, दत्तजयंती तोंडावर आली, आणि यंदा सारंगखेड्याच्या यात्रेला जाऊन घोडा घेणारच, असं आपण चहाच्या टपरीपासून साडूच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत सगळीकडे जाहीर करून टाकल्याचं कळलं. मनापासून अभिनंदन! चारचाकी काय, हल्ली कुणाच्याही दारात उभी असते. हप्ते भरले की झालं. घोड्याला हप्ते नसतात. तो रोज घेतो, रोख घेतो आणि पावतीही रोजच्या रोज देतो, साधारण पंधरा-वीस किलोची.

आपला हेतू शुद्ध आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फार्महाऊसच्या फाटकाशी पांढरा घोडा बांधलेला असावा, १९ फेब्रुवारीच्या शिवजयंती मिरवणुकीत तो सगळ्यांच्या पुढे असावा, त्यावर फेटा बांधून आपण असावं आणि तो फोटो वाढदिवसाच्या बॅनरवर यावा. उरलेले ३६४ दिवस घोडा काय करणार, हा प्रश्न हलक्या मनाच्या माणसांना पडतो. आपण त्यांच्याकडे लक्ष देऊ नये.

तापीकाठच्या त्या मैदानात शिरलात की पहिल्याच तंबूत आपल्याला घोडा पसंत पडेल. पडायलाच हवा, त्यासाठी तर त्याला पहाटेपासून खरारा करून, आयाळीला तेल चोपडून उभा केलेला असतो. कानांची टोकं एकमेकांना भिडवून उभा असलेला मारवाडी, त्याच्या शेजारी काठेवाडी, पलीकडे पंजाबकडचा पांढराशुभ्र नुकरा. एखादा बाजेवर चारही पाय ठेवून ढोलाच्या ठेक्यावर नाचत असेल आणि भोवती शे-दोनशे माणसं मोबाईल उंचावून उभी असतील. अमक्या घोड्याला कोटीची मागणी आली तरी मालकानं दिला नाही, ही बातमी दर डिसेंबरात छापून येते. तिला घाबरू नका. माझं आपलं मत असं, की तो घोडा विकायला आणलेला नसतोच. शेजारचे घोडे महाग करायला आणलेला असतो.

जाणती माणसं आधी दात बघतात. पाच वर्षांचा होईतो घोड्याचे पुढचे सगळे दुधाचे दात पडून कायमचे येतात. मग खालच्या दातांवरचे काळे खळगे वर्षागणिक बुजत जातात आणि आठव्या वर्षाच्या सुमाराला दात सपाट दिसू लागतात. म्हणूनच म्हाताऱ्या घोड्याच्या दातांत नवे खळगे कोरून त्याला तरणा करण्याची कला जगात फार जुनी आहे. आपण मात्र घोड्याच्या जबड्यात डोकावण्यापेक्षा व्यापाऱ्याच्या डोळ्यांत बघा, लवकर विश्वास बसतो. मग तो लक्षणं सांगेल. चारही पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा म्हणजे पंचकल्याणी. गळ्यावर भोवरा म्हणजे देवमण, घरात लक्ष्मी खेळणार. डोळ्याखाली भोवरा असलेला अशुभ. तो शेजारच्या तंबूत असतो. लक्ष्मी खेळता खेळता घरात येते की घराबाहेर जाते, एवढं विचारायचं तेवढं राहून जातं. सौदा रुमालाखाली बोटं दाबून होईल. किती बोटं दाबली हे घरी सांगताना एक-दोन कमी करायचा रिवाज आहे, तो पाळावा.

सरकारही घोडेमालकाचा मान राखून असतं. जीएसटी आला तेव्हा गाय, म्हैस, शेळी, फार काय, गाढवसुद्धा करातून सुटलं. जिवंत घोड्यावर मात्र १२ टक्के बसले. २०२५ च्या सप्टेंबरात त्याचे ५ झाले. सरकारला घोडा आणि गाढव यांतला फरक कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी दरपत्रक एकदा नजरेखालून घालावं.

एक गोष्ट मात्र थट्टेवारी नेऊ नका. रक्ततपासणीचा दाखला बघितल्याशिवाय घोडा टेम्पोत चढवू नका. ग्लँडर्स नावाचा रोग घोड्याकडून माणसालाही होतो, आणि तपासणीत तो निघाला तर जनावर कायद्यानं मारून टाकावं लागतं.

आता घोडा घरी आला. सौभाग्यवतींनी ओवाळलं, मुलांनी फोटो काढले, पाहुणे येऊन चहा पिऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी घोड्याला भूक लागेल. तिसऱ्या दिवशीही लागेल. चारशे किलोचं जनावर दिवसाला आठेक किलो तरी कोरडा चारा खातं. वर हरभऱ्याची चंदी, कोंडा, मीठ, आणि पंचवीस-तीस लिटर पाणी. उन्हाळ्यात ते चाळिसावर जातं. देवानं एवढा मोठा देह घडवला, पण जठर दिलं आठ-पंधरा लिटरचं. त्यामुळे ते थोडं थोडं करत दिवसभर आणि अर्धी रात्र चरत राहतं. शिवाय उलटी करायची सोय ठेवली नाही. गाय नको ते खाऊन रवंथ करत बसते, कुत्रं ओकून मोकळं होतं; घोड्याच्या पोटात गेलेलं पुढेच गेलं पाहिजे. मध्ये अडलं तर पोटशूळ, आणि पोटशूळ म्हणजे कधी कधी घोडाच गेला.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्या घोडीला भर पावसाळ्यात रात्री पोटशूळ उठला. आधी ती वळून वळून स्वतःच्या कुशीकडे बघायला लागली, जणू तिथं कुणी हाक मारतंय. मग पुढच्या पायानं जमीन उकरणं, बसणं, उठणं, मानेला घाम. फोनवर डॉक्टर म्हणाले, मी मूळ गाईम्हशींचा, पण येतो. तोवर तिला लोळू देऊ नका, फिरवत राहा आणि कुशीला कान लावून ऐकत राहा. आत गुरगुर ऐकू आली तर बरं, काहीच नाही आलं तर वाईट. मी मोहरकी धरून पुढे, बायको टॉर्च आणि छत्री घेऊन मागे, अशा आमच्या अंगणात प्रदक्षिणा चालल्या होत्या. सप्तपदीनंतर इतकं एकत्र आम्ही कधी चाललो नव्हतो. डॉक्टर आले, नाकातून नळी घातली, इंजेक्शन दिलं. पहाटे घोडीनं शेपूट उचललं. लीद पडल्याचा तो आवाज ऐकून आई लगबगीनं देवापुढे साखर ठेवायला गेली. थोरल्याचा दहावीचा निकाल लागला तेव्हा घरात इतका आनंद झाला नव्हता, आणि तो बिचारा चांगल्या मार्कांनी पास झाला होता.

खुरांचं वेगळंच. ते नखांसारखे वाढतात, महिन्याला सात-आठ मिलिमीटर, म्हणजे सहा-आठ आठवड्यांनी नालबंद आलाच पाहिजे. नालबंद हा प्राणी आता वाघापेक्षा दुर्मीळ झाला आहे. आमच्याकडे येणारा तीन तालुक्यांत एकटाच, म्हणून त्याची तारीख मिळवायला मंत्र्याच्या पीएला लावावी तशी वशिलेबाजी करावी लागते. पण काम बघण्यासारखं. घोडीकडे पाठ करून तो तिचा पाय दोन गुडघ्यांत घेतो, जुन्या खिळ्यांची टोकं सरळ करून नाल सोडवतो, सुरीनं खूर तासतो, कानशीनं घासतो. तासलेल्या नखांचे तुकडे पडतात न पडतात तोच आमचा कुत्रा ते पळवून आंब्याखाली जाऊन बसतो. ती त्याची दिवाळी. आणि पाचशे हिसके द्यायची ताकद असलेली घोडी त्या म्हाताऱ्याच्या पाठीवर हनुवटी टेकवून डोळे मिटते. माझ्याकडून तिनं पाय उचलून घ्यायला वर्ष घालवलं, हा भाग वेगळा.

शौर्याच्या बाबतीत आपला अपेक्षाभंग होऊ नये म्हणून आधीच सांगतो. जिच्या पूर्वजांनी तोफांचा धूर अंगावर घेतला, ती आमची घोडी कांद्याच्या चाळीवरचं निळं प्लास्टिक फडफडलं की आडवी उडते. तिचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. नाकासमोरचा आणि शेपटीमागचा थोडा भाग सोडला तर तिला सगळं एकदम दिसतं, त्यामुळे संशयाला जागाही सगळीकडे. पाटाच्या रस्त्यावर अशीच एकदा ती उडाली, मी चिखलात, आणि ती एकटीच घरी. खोगीर रिकामं बघून गावातल्या कुणालाही काळजी वाटली नाही. ‘घोडी आली, आता मालक मागून येईल,’ एवढंच सगळे म्हणाले. वरातीमागून घोडं आपण ऐकून होतो. घोड्यामागून मालक मी गावाला दाखवला.

गडी ठेवीन म्हणाल, तर जरूर ठेवा. पूर्वी मोतद्दार नावाचा माणूस असे, घोड्याच्या अंगाला हात लावून त्याला ताप आहे की नाही ते सांगणारा. त्याची नातवंडं आता सुरतेला कंपनीत आहेत, आणि त्यांनी तिथंच राहावं. जो मिळेल तो चार दिवस येईल, पाचव्या दिवशी लाथ खाईल आणि सहाव्या दिवशी दवाखान्याचं बिल घेऊन येईल.

मराठ्यांच्या फौजेत घोडा पाळण्याचं हे गणित पक्कं ठाऊक होतं. बारगिराला घोडा सरकारचा, शिलेदाराचा घोडा स्वतःचा. म्हणून शिलेदाराचा दरमहा जास्त, ऐट जास्त आणि झोप कमी. घोडा पडला की शिलेदारी पडली. स्वतःचं जनावर म्हणून शिलेदार ते गर्दीत घालायला कचरतात, अशी तक्रार तेव्हाही होत असे. मी तरी त्यांना नावं ठेवणार नाही. आपण मिरवणुकीसाठी ज्यांचा आदर्श पुढे ठेवला आहे, त्या महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना लिहिलेलं एक पत्र आहे, ते सवडीनं वाचा. त्यात तलवारीचा खणखणाट नाही. दाणा आणि वैरण पावसाळाभर पुरवून वापरा. आत्ताच उधळलीत तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल. कुणब्यांकडचे दाणे, भाकर, गवत, भाजी उचलून आणू नका. रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल आणि मग घोड्यांना काडी उरणार नाही. राज्य उभं करणारा माणूस उंदरानं पळवलेल्या वातीचा विचार करतो. बॅनरवर हा प्रसंग कुणी छापल्याचं मला आठवत नाही.

आणखी एक हिशेब. नीट सांभाळलेला घोडा पंचवीस वर्षं जगतो, तिशीही गाठतो. आपला धाकटा आज पाचवीत आहे. तो शिकेल, नोकरीला लागेल, त्याच्या वरातीला हाच घोडा लागेल आणि त्याची मुलं पहिलीत जाईतो हा तबेल्यात उभा असेल. आपली हौस तोवर कितव्या वाढदिवसाला ओसरलेली असेल ते आपणच मोजा. हौस ओसरलेल्या मालकांचे घोडे मी बघितले आहेत. बरगड्या दिसत असतात, खूर वाढून पुढे वळलेले असतात, आणि लग्नसराईत डीजेच्या भिंतीसमोर ते भाड्यानं नाचत असतात.

मग तुम्ही का ठेवली आहे, असं आपण विचाराल. सौभाग्यवतीही विचारतात. याचं उत्तर बॅनरवर मावणारं नाही. पहाटे चंदीचा डबा वाजायच्याही आधी, नुसती माझी चप्पल ओसरीवर वाजली की ती अंधारात नाकपुड्यांतून हळूच फुरफुरते. तळहातावरचा गूळ ओठांनी असा उचलते की हाताला फक्त गरम श्वास लागतो. घोडा बहुतेक झोप उभ्यानंच काढतो. पाय पसरून आडवा झोपायचा तो अगदी थोडा वेळ, आणि तेही आसपास भरवसा वाटला तर. आमच्याकडे आल्यावर पुष्कळ दिवस ती उभीच असायची. मग एका रात्री मी तबेल्यात डोकावलो तर ती आडवी पसरलेली, चक्क घोरत होती. मी बॅटरी विझवून तसाच माघारी फिरलो आणि घरात सगळ्यांना, अगदी बायकोलाही, उठवून सांगितलं. ती काय म्हणाली ते इथं लिहीत नाही. आणि थंडीत पाटाच्या कडेनं घोडी रेवाल चालीत पडली, की खाली जमीन पळते आणि वर बसलेल्या माणसाच्या पोटातलं पाणीही हलत नाही. तिचा एक कान पुढे रस्त्यावर असतो, दुसरा मागे वळवून माझ्याकडे लावलेला. मी काही बोलतो का, याकडे इतकं लक्ष देणारं दुसरं कुणी घरात नाही.

तेव्हा आपण घोडा जरूर घ्या. फक्त आधी कडब्याची गंज रचा, नालबंदाचा नंबर घ्या, गाईम्हशींच्या डॉक्टरांना एकदा जेवायला बोलवा आणि मग रुमालाखाली हात घाला. घोड्यासाठी जागा किती लागेल म्हणून विचारत होतात. तबेल्याला बारा बाय बारा पुरते, बाकी त्याला आपली सगळी सकाळ लागते.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक शिलेदार (घोडी स्वतःची, बाकी सगळं घोडीचं)

ता. क. आपण यात्रेला जाल त्या दिवशी मी शहाद्याला ठिबकच्या नळ्या आणायला जातो आहे, असं घरी सांगितलं आहे. यात्रेत दिसलोच तर ओळख दाखवू नका. आणि नदीकडच्या रांगेत एक कुमाईत शिंगरू येणार असल्याचं कळलं आहे, कपाळावर चांदणी असलेलं. ते मी फक्त बघणार आहे. आपण तिकडे फिरकू नये.