भिऊ नका, साहेब ओळखीचे आहेत

अर्धापुरात सध्या दोन पिके जोमात आहेत. एक केळी, दुसरे कर-सल्लागार. केळीला इसापूर धरणाच्या कालव्याचे पाणी लागते, खत लागते, वर्षभर राबावे लागते. दुसऱ्या पिकाला एक टेबल, एक लॅपटॉप, एक प्रिंटर आणि जुलै महिना पुरतो. दुकानाबाहेरच्या फ्लेक्सवर रिटर्न, पॅनकार्ड, पीकविमा, सातबारा, रेल्वे तिकीट आणि लग्नाचा बायोडाटा एवढी सगळी कामे एका रांगेत असतात. हल्ली त्या रांगेत आणखी एक ओळ आली आहे : ‘इन्कम टॅक्स नोटिशीवर खात्रीशीर उपाय’. मूळव्याध आणि मूळ कर या दोन्हींवर आपल्याकडे उपाय खात्रीशीरच असतो.

नमुन्यादाखल एक गुरुजी घेऊ. पगार शाळेचा, टॅक्स आधीच कापून घेतलेला, लपवायला काहीच नाही. अशा सरळ माणसाला सल्लागार विचारतो, “गुरुजी, दरसाल एवढा टॅक्स फुकट जाऊ देता? रिफंड काढून देतो. आला तर माझा हिस्सा द्या, नाही आला तर चहा तुमचा.” गुरुजी ओटीपी सांगतात आणि पुढच्या दहा मिनिटांत त्यांचे आयुष्य पालटते. स्वतःच्या घरात राहणारे गुरुजी कागदावर भाडेकरू होतात. त्यांना एक दुर्धर आजार जडतो. विजेवर चालणाऱ्या मोटारीचे कर्ज डोक्यावर येते. प्रत्यक्षात दारात जुनी स्प्लेंडर उभी असते. शिवाय एका राजकीय पक्षाला ते भरघोस देणगी देतात. त्या पक्षाचे नाव गुरुजींनी कधी ऐकलेले नसते, आणि निवडणुकीत मतदारांनीही ऐकलेले नसते. असे 334 नोंदणीकृत पण मान्यता नसलेले पक्ष निवडणूक आयोगाने ऑगस्ट 2025 मध्ये यादीतून काढून टाकले. गुरुजींचा पक्ष त्यात होता की नाही हे गुरुजींना ठाऊक नाही, कारण नाव विचारायचे राहूनच गेले.

रिफंड येतो. गुरुजी सल्लागाराचे नाव साऱ्या स्टाफरूमला सांगतात. पुढच्या साली सगळी शाळा आजारी पडते.

ही आमची कल्पनाशक्ती म्हणून कुणी सोडून देऊ नये. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने जुलै 2025 मध्ये देशभर दीडशे ठिकाणी पडताळणी केली, त्यात महाराष्ट्रही होता. मंडळाच्या निवेदनात घरभाडे, औषधोपचार, देणग्या, कर्जाचे व्याज अशा खोट्या वजावटींची यादीच आहे. कमिशनवर रिटर्न भरणाऱ्या टोळ्यांचाही उल्लेख आहे. आम्हाला सर्वांत भावली ती त्यांची ईमेलची तऱ्हा. ढिगाने रिटर्न भरण्यापुरते तात्पुरते ईमेल काढायचे आणि हंगाम संपला की सोडून द्यायचे. म्हणजे खाते नोटीस पाठवते, ती बरोबर पत्त्यावर पोचते, आणि त्या पत्त्यावर कुणीच राहत नसते. गुरुजी इकडे निवांत झोपलेले.

त्याआधीच खात्याने एसएमएस आणि ईमेलची मोहीम काढली होती : आपल्या दाव्यांत काही गडबड दिसते, जरा तपासून पाहा. निवेदनाआधीच्या चार महिन्यांत सुमारे 40 हजार करदात्यांनी 1,045 कोटींचे खोटे दावे ‘स्वेच्छेने’ मागे घेतले, असे मंडळ सांगते. एवढ्या लोकांचा विवेक एकाच हंगामात जागा झाल्याचे उदाहरण संतवाङ्मयातही सापडायचे नाही.

आता गुरुजी घाबरून त्याच दुकानात जातात. सल्लागार जराही विचलित होत नाही. खोटा दावा घालायची फी वेगळी होती, काढायची वेगळी आहे. वर तो खुर्ची पुढे ओढतो, आवाज खाली आणतो आणि मराठवाड्यातले सर्वांत महागडे वाक्य उच्चारतो : “भिऊ नका, साहेब ओळखीचे आहेत.”

या वाक्याची गंमत अशी, की 2019 पासून आयकराची बहुतेक छाननी ‘फेसलेस’ झाली आहे आणि 2020 पासून अपिलेही. गुरुजींची फाइल गुवाहाटीत उघडते की कोइम्बतूरला, हे गुरुजींना कळत नाही आणि त्या अधिकाऱ्यालाही अर्धापूर नकाशात शोधावे लागते. सरकारने साहेबाचा चेहराच काढून घेतला, तरी आमच्या सल्लागाराची ओळख कायम आहे. बिनचेहऱ्याच्या माणसाला ओळखणे ही सिद्धी पूर्वी फक्त योग्यांना होती.

कायद्याचेही कौतुक केले पाहिजे. करदात्याची बाजू मांडायला सीए लागतो, वकील लागतो, अशी आमची समजूत होती. पण 1961 च्या कायद्याने नातेवाइकालाही ती मुभा दिली, फक्त लेखी अधिकारपत्र हवे. त्यामुळे लग्नात मांडवाचा हिशेब ज्याने गोत्यात आणला, तोच मेव्हणा आयकरासमोर उभा करता येतो.

सल्लागारालाच किती बोलायचे? पापाची कबुली स्वस्तात उरकण्याची सवय लोकांना सरकारनेच लावली. 1997 साली ‘स्वेच्छा उत्पन्न प्रकटीकरण योजना’ आली. त्याआधी प्रामाणिक माणसाने वरच्या टप्प्यात 40 टक्क्यांनी कर भरला होता. ज्याने उत्पन्न दडवले त्याला सांगितले गेले, 30 टक्के भर आणि मोकळा हो. व्याज नाही, दंड नाही. दागिन्यांची किंमत तर 1987 च्या भावाने धरायची सोय होती. त्यावर पुढे कॅगने ताशेरे ओढले. जवळपास 33 हजार कोटी बाहेर आले आणि वेळेवर कर भरणाऱ्यांना आपण नेमके कशासाठी वेळेवर होतो, हे कोडे पडले.

2016 साली पुन्हा एक खिडकी उघडली, या वेळी 45 टक्क्यांची. ती 30 सप्टेंबरला बंद झाली, 8 नोव्हेंबरला नोटा बंद झाल्या आणि डिसेंबरात गरीब कल्याणाच्या नावाने आणखी एक खिडकी उघडली. तिथे जवळजवळ 50 टक्के कर, वर पाव हिस्सा चार वर्षे बिनव्याजी ठेव. शेवटची संधी म्हणून बजावून सांगितलेली गोष्ट आपल्याकडे पुढच्या संधीपर्यंतच शेवटची असते.

मोठ्या माणसांचे प्रकटीकरण मात्र वाजतगाजत होते. ऑगस्ट 2022 मध्ये जालन्यात आयकराचे पथक आले ते ‘राहुल वेड्स अंजली’ असे स्टिकर लावलेल्या गाड्यांतून. पोलाद व्यवसायावरच्या त्या धाडीत 56 कोटींहून अधिक रोकड सापडली. इतका अहेर मराठवाड्यातल्या कुठल्याही वऱ्हाडाने नेला नसेल.

आणि ज्यांना कसलेच प्रकटीकरण नको, त्यांच्यासाठी आमच्या अर्धापूरची केळी आहे. शेतीचे उत्पन्न करमुक्त, त्यामुळे शहरातले कित्येक पैसे कागदावर बागायतदार होतात. कागदावरच्या केळीचे फार बरे असते. तिला करपा पडत नाही, ती वादळात आडवी होत नाही, घड तयार असताना व्यापारी भाव पाडत नाही. पाच लाखांहून जास्त शेती उत्पन्न दाखवले, की आता फॉर्म विचारतो : जमीन कुठल्या जिल्ह्यात, किती, मालकीची की कसायला घेतलेली, बागायती की कोरडवाहू? उत्तरे तपासतो कोण, हा प्रश्न वेगळा. कॅगने 2019 च्या अहवालात शेती उत्पन्नाची 6,778 प्रकरणे पाहिली. त्यांतली 1,527 पुरेशी कागदपत्रे न तपासताच मान्य झालेली निघाली. खऱ्या केळीवाल्याला मात्र विम्याच्या शंभर रुपयांसाठीही बांधावर उभे राहून फोटो काढावा लागतो.

चेष्टा पुरे. खरी मदत कंटाळवाणी असते, म्हणून तिचा फ्लेक्स लागत नाही. 1 ऑक्टोबर 2019 पासून खात्याच्या पत्रव्यवहारावर ‘डिन’ हा ओळख क्रमांक असतो. तो पोर्टलवर टाकून नोटीस खरी की खोटी हे घरबसल्या पाहता येते. चूक झाली असेल तर 2022 पासून अपडेटेड रिटर्नची सोय आहे आणि 2025 मध्ये तिची मुदत चार वर्षांपर्यंत वाढली. पहिल्या वर्षात कर आणि व्याजावर 25 टक्के जादा, चौथ्या वर्षात 70 टक्के. धाड पडल्यावर हे दार उघडत नाही. खोटी माहिती दिल्याचे ठरले तर दंड चुकवलेल्या कराच्या दुप्पट, आणि तो गुरुजींनी भरायचा. 1 एप्रिल 2026 पासून कायदाही नवा आहे. कलमांचे आकडे बदलले, दंड भरणारा तोच राहिला.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी कुणी रिफंडचा वाटा मागितला तर तो माणूस सीए नाही एवढे समजा, कारण सीएंच्या संस्थेला अशी टक्केवारीची फी चालत नाही. आणि आज संध्याकाळी एक काम करा. पोर्टल उघडून आपल्या नावापुढे मोबाइल आणि ईमेल कुणाचा आहे ते पाहा. तो तुमचा नसेल, तर नोटीस आलीच नाही असे समजू नका. ती आली आहे; फक्त तुम्हाला सांगायची राहिली आहे.