पिवळ्या गेटवाल्यांच्या सुया

कुकर बंद केलास का? मग ये की इकडं, कढीपत्त्याच्या बाजूला. तिथं भिंत जरा खाली आहे, मला मान वर करून बोलायला नको. आणि हळू बोल. समोरची अज्जी बाहेर रांगोळी घालतेय. तिला मराठी येत नाही म्हणते, पण कळतं सगळं.

तर पिवळ्या गेटवाल्यांचं तुला कळलं ना? अगं, ते आयटीवाले. दिवसभर लॅपटॉप, वर सिल्क बोर्ड चौकातलं ट्रॅफिक, मान अशी आखडली की शेजारून हाक मारली तर अख्खं अंग वळवून बघायचे. सहा महिने पट्टा लावून फिरले. आता सुया टोचून घेतायत. चिनी अॅक्युपंक्चर! मी परवा उप्पिट द्यायला गेले तर मोबाईलवर फोटो दाखवला. मानेत, खांद्यात सुया आणि माणूस साळिंदरासारखा बसलाय. हसू आवरेना मला. पण खरं सांगू? मान वळतेय आता त्यांची.

दुखत नाही का म्हणतेस? मी आयुष्यभर सोलापुरात लोकांना इंजेक्शनं दिली, म्हणून मुद्दाम विचारलं. इंजेक्शनची सुई पोकळ असते, तिच्यातून औषध जायचं असतं. ही भरीव, केसासारखी, पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची. आत काही सोडायचं नसतंच. टोचायची, वीस-तीस मिनिटं तशीच ठेवायची, मधूनमधून जराशी फिरवायची. टोचताना मुंगी चावल्यागत होतं, मग आत जड जड वाटतं म्हणे. ते जडपण आलं की चिनी वैद्य खूश. बिंदू सापडला म्हणायचा. जागतिक आरोग्य संघटनेनं अशा 361 बिंदूंची यादी ठरवून दिलीय. गुडघ्याखाली चार बोटांवर एक आहे, पोटाच्या तक्रारींसाठी दाबतात. मनगटाच्या आतल्या बाजूला एक, मळमळीसाठी. त्या मनगटाच्या बिंदूबद्दल तर ऑपरेशननंतरच्या ओकारीवर भरपूर अभ्यास झालेत आणि तिथं उपयोग दिसलाय. तुझ्या लेकीला घाटात गाडी लागते ना, दाबून बघ. फुकटच आहे. अंगठा आणि तर्जनीच्या मधलाही एक आहे डोकेदुखीचा, पण तो गरोदर बाईला दाबायचा नाही असं जुनं शास्त्र सांगतं. तुझ्या नणंदेला सांगून ठेव.

आता तू म्हणशील, काकू, तुम्ही सोलापूरच्या, तुम्हाला चीनचं काय कौतुक? अगं, सोलापूरकरणीला नाही तर कुणाला असणार! डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस आमच्याच गावचे. जपाननं चीनवर आक्रमण केलेलं, तेव्हा 1938 साली काँग्रेसनं पाच डॉक्टर पाठवले. अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. त्यातले चोळकर नागपूरचे, म्हणजे पाचांतले दोघे आपलेच. बाकीचे परत आले, कोटणीस नाही आले. तिथं लष्करी दवाखान्यात राहिले, क्वो छिंगलान नावाच्या मुलीशी लग्न केलं, मुलगा झाला आणि 1942 च्या डिसेंबरात, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेले. शांतारामबापूंचा त्यांच्यावरचा सिनेमा पाहिलाच असशील.

लोकांना वाटतं कोटणीसांनीच सुया आणल्या. नाही गं. ते सर्जन होते, सुरीवाले. सुया आणल्या त्यांच्याबरोबरच्या बसूंनी. विजयकुमार बसू, कोलकात्याचे. ते पुढं पुन्हा चीनला गेले, ही विद्या शिकले आणि 1959 मध्ये कोलकात्यात सुरू केली. म्हणून तर पश्चिम बंगालात तिचा कायदा 1996 सालीच झाला. लुधियान्यात कोटणीसांच्या नावाचं अॅक्युपंक्चरचं इस्पितळ आहे, बघ, पंजाबात! आमच्याकडं सोलापुरात भैया चौकात स्मारक आहे, पण आमचे लोक पायाला भिंगरी लावून पंढरपूरला जातील, स्मारकापाशी थांबायचे नाहीत.

अमेरिकेला तर हे 1971 पर्यंत माहीतही नव्हतं फारसं. जेम्स रेस्टन म्हणून न्यूयॉर्क टाइम्सचा बातमीदार पेकिंगला गेला, तिथं त्याचं अपेंडिक्स काढलं. ऑपरेशन नेहमीसारखंच, भूल देऊनच झालं. नंतर पोट फुगून दुखायला लागलं, तेव्हा सुया टोचल्या. त्यानं ते आपल्या पेपरात छापलं आणि झालं, सगळी अमेरिका सुया शोधत सुटली. लोक अजून सांगतात की भूल न देता फाडलं. गावभर बातमी फिरली की तिला पाय फुटतातच.

डॉक्टर लोकांत एकमत आहे का? छे! इंग्लंडातल्या सरकारी तज्ज्ञांनी 2009 मध्ये कंबरदुखीला सुया घ्या म्हणून सांगितलं आणि 2016 मध्ये घेऊ नका म्हणाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संघटनेनं घ्या म्हणून सांगितलं! मला विचारशील तर सगळ्यांत गंमत जर्मनांची. त्यांनी कंबरदुखीचे अकराशेच्या वर रुग्ण घेतले. एकांना खऱ्या बिंदूंवर सुया, दुसऱ्यांना भलतीकडंच वरवर टोचल्या, तिसऱ्यांना नेहमीच्या गोळ्या आणि व्यायाम. खऱ्या सुयांनी शंभरातल्या जवळजवळ 48 जणांना बरं वाटलं. खोट्यांनी 44 जणांना. आणि गोळ्या-व्यायामवाल्यांत फक्त 27! म्हणजे टोचल्यानं बरं वाटतं हे खरं, पण नेमक्या बिंदूचं महत्त्व किती, ते देव जाणे. मला तर वाटतं, अर्धा तास मोबाईल बाजूला ठेवून कुणीतरी आपल्याकडं लक्ष देतंय, हेही औषधच असेल. पिवळ्या गेटवाल्यांना तेवढंसुद्धा पुष्कळ होतं.

थांब, दुधवाला आला. हां, बोल.

चिनी औषधांचं विचारत होतीस. दवणा माहितीय ना? आपल्या जोतिबाला चैत्रात वाहतात तो. इथं मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसला अबोलीच्या गजऱ्यात घालून देतात, ती वासाची पालवी. त्याचाच एक चुलतभाऊ चिनी लोक वाळवून, कापसासारखा करून, कांडी बांधून पेटवतात आणि बिंदूजवळ शेक देतात. मोक्सा म्हणतात. पिवळ्या गेटवाल्यांना तोही देतात, घरात उदबत्ती जळल्यासारखा वास येतो म्हणून त्यांची बायको कटकट करते. आणि याच भावकीतलं तिसरं झाड म्हणजे ज्यातून मलेरियाचं औषध निघालं. थू यूयू नावाच्या बाईनं काढलं ते, 2015 मध्ये नोबेल मिळालं. तिनं दीड हजार वर्षांहून जुनी पोथी वाचली. त्यात लिहिलेलं, पाला पाण्यात भिजवून पिळून रस प्या. पिळून! उकळून नव्हे. तिच्या ध्यानात आलं की उकळल्यानं गुण जात असणार. मग कमी उष्णतेवर अर्क काढला आणि लागू पडला. काढा आटवणाऱ्या आपल्या आजीला हे सांगितलं असतं तर ती उलथनं घेऊन मागं धावली असती.

पण म्हणून कुठलीही चिनी पुडी तोंडात टाकायची नाही हं. बेल्जियममध्ये नव्वदच्या सुमारास एका दवाखान्यात वजन उतरवायला चिनी मुळ्यांच्या गोळ्या देत होते. चुकीची मुळी पडली आणि बायकांच्या किडन्या गेल्या. बऱ्याच जणींच्या. तुझी ती जिमवाली मैत्रीण ऑनलाइन चहा मागवते ना, तिला सांग.

आता खरी बातमी. ह्याच्यासाठी तुला बोलावलं. पिवळ्या गेटवाल्यांच्या आईला, माहितीय ना, बीपी आहे. त्या कुठल्याशा वेगळ्याच ठिकाणी गेल्या, नाव मी घेत नाही. तिथं म्हणाले, चाळीस सुयांत बीपी जाईल, गोळ्या सोडा. सोडल्या! पंधरवड्यात चक्कर येऊन पडल्या, रात्री अॅम्ब्युलन्स. तू म्हैसूरला गेली होतीस तेव्हा. आता बऱ्या आहेत, गोळ्या पुन्हा चालू आहेत, पण सूनबाई सासूकडं बघतसुद्धा नाही. "सुम्ने होगी बंदरु", उगाच जाऊन आल्या, म्हणून अज्जीनं अख्ख्या रस्त्याला सांगितलं.

त्यांच्या मुलाचा टोचणारा नीट आहे, म्हणून मान तरी वळतेय. इथं कर्नाटकात निसर्गोपचाराची पदवी घेतात ना, साडेपाच वर्षांची, त्यांच्या अभ्यासक्रमात अॅक्युपंक्चर असतं. त्याची तशी पदवी आहे, पाटीवर नोंदणी क्रमांक आहे. केंद्रानं 2019 मध्ये ह्या विद्येला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली, महाराष्ट्रानं तर वेगळा कायदा करून परिषदच काढली. पण मान्यता विद्येला आहे, दहा दिवसांचा कोर्स करून गल्लीत बसलेल्याला नाही. छातीच्या पिंजऱ्यावर भलती खोल टोचली तर फुप्फुसाला भोक पडतं. क्वचित, पण पडतं.

तर तुला जायचं असेल, खांद्याचं दुखणं आहेच तुझं, तर जा खुशाल. पण टोचणाऱ्याची पदवी आणि नोंदणी क्रमांक आधी विचार. सुयांचं पाकीट तुझ्यासमोर फोडायला लाव, आणि वापरलेल्या सुया तुझ्यादेखत डब्यात टाकायला लाव. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही सांग. सहा वेळा जाऊन फरक पडला नाही तर सातव्यांदा पैसे घालू नकोस, हाडाच्या डॉक्टरकडं जा. आणि सासूबाईंना घेऊन जाणार असशील, तर त्यांच्या बीपीच्या गोळ्यांना मात्र कुणालाही हात लावू देऊ नकोस, मग तो चीनचा असो नाहीतर चौथ्या क्रॉसचा.