गढूळ पाण्यातले शौकीन

तारकर्लीला डुबकी मारणारा माणूस पाण्याखाली मासे बघतो. रायगडच्या किनाऱ्यावर डुबकी मारणारा स्वतःचं सामान बघतो, कारण तेवढंच दिसतं. धरमतर, कुंडलिका, सावित्री या खाड्या गाळ आणून ओततात, उधाणाची चार मीटरची भरती तो ढवळते, आणि हात लांब केला की पंजा नाहीसा होतो. तरीही पावसाळा सरला, की आमची अलिबाग-रेवदंड्याची टोळी अष्टमीचा भांग गाठते. पाण्याला ओढ कमी, म्हणून गाळही जरा बसलेला. “खाली बगायचं काय हाय?” हा तांडेलकाकांचा ठरलेला प्रश्न. त्याला उत्तर नसतं. मास्क कुठला घ्यावा यावर मात्र प्रत्येकाचं तासाभराचं व्याख्यान तयार असतं.

मास्कचा पहिला वैरी म्हणजे मिशी. सिलिकॉनची कड वरच्या ओठाला घट्ट बसावी लागते. मध्ये केस आले की पाणी आत झिरपलंच. आमच्यातल्या एकाने घराण्याच्या मिशीला वस्तरा लावायला साफ नकार दिला. तो तिला सिलिकॉन ग्रीस चोपडतो. मिशीला तूप लावून मिरवणारे पूर्वीपासून आहेतच; हा त्यांचा तांत्रिक वारस.

काचेवर वाफ धरू नये म्हणून मास्कमध्ये थुंकायचं, ही जगभरची रीत. थुंकीमुळे वाफेचे थेंब न होता पातळ थर पसरतो. अलीकडे काहीजण बेबी शॅम्पू वापरतात. थुंकीवाले त्यांना बाटगे समजतात.

रेग्युलेटरचा प्रश्न सोवळ्याओवळ्याचा. १९४३ साली फ्रान्समध्ये जाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी श्वास ओढला की तेवढीच हवा सोडणारी झडप जमवली आणि पाणबुड्या वरून येणाऱ्या नळीच्या दावणीतून सुटला. पण भाड्याच्या रेग्युलेटरवर आधीच्या गिऱ्हाइकाच्या दातांचे ठसे असतात. दुसऱ्याच्या ताटातला घास न घेणारा मराठी माणूस ते उष्टं रबर अर्धा तास चावत कसा बसणार? म्हणून टाकी भाड्याची चालते, तोंडात धरायचं रबर मात्र घरचं.

इथे पायात बूट आणि त्यावर पट्ट्याचे फिन, यावर सगळ्यांचं एकमत. खडकांवर कालवं बसलेली असतात आणि ती पाऊल सोलून काढतात. सुरीवरून मात्र दोन तट आहेत. तुटलेल्या जाळ्याचा नायलॉन पाण्यात दिसत नाही, तेव्हा कापायला काहीतरी हवंच. शहाणे लोक छातीशी बोटभर कटर लावतात. बाकीचे पोटरीला असा सुरा बांधतात, की बंदरावरच्या मावशी विचारतात, “सुरमई कापणार का आमची?”

सर्वांत नाजूक विषय शिशाचा. तीन मिलिमीटरचा वेटसूट तरंगतो, म्हणून कमरेला शिशाची वजनं लावायची. पण चरबीही तरंगते. त्यामुळे होडीत “मला अजून एक दे” असं कुणी हळूच पुटपुटलं, की दिवाळीचा फराळ सगळ्यांच्या लक्षात येतो.

एवढा काटेकोरपणा कशाला? तर खाली डोळ्यांचा उपयोग नाही, सगळा कारभार हाताचा. आजी अंधारातही मिसळणाच्या डब्यात बरोबर मोहरीलाच हात घालते, तसं आमचं. ऑक्टोपस, म्हणजे अडल्या सोबत्याला द्यायचा जादा रेग्युलेटर, छातीवर उजवीकडेच असला पाहिजे आणि हवेचा काटा डावीकडेच. कुणी परस्पर क्लिप हलवली, तर बांधावरून भांडतात तसे आम्ही भांडतो. सोबत्याचा हात चाचपडत आला, तर त्याला पहिल्या झटक्यात हवा मिळाली पाहिजे. बाकी सगळे शौक असतील, हा नाही.

तोट्याची बाजू एकच. परवा एक मित्र अंदमानला जाऊन आला. काचेसारखं पाणी, ऊन झिरपतंय, मोबाइलवर फोटोंमागून फोटो. एका फोटोपाशी आम्ही सगळेच थबकलो. मागे तरंगणाऱ्या कुणा पर्यटकाचा ऑक्टोपस मोकळा लोंबत चक्क वाळूत घासत होता. असल्या माणसाला पाण्यात उतरवलं कुणी, यावर चहाचे दोन राउंड झाले. शेवटी मित्राने काकुळतीने विचारलं, “अरे, पण कासव कसं वाटलं?”

फोटो पुन्हा मागवावा लागला.