शेवटच्या डब्याची पाटी

रेल्वेतून निवृत्त झालेल्या पूर्णेच्या माणसाला सिनेमा दाखवणं सोपं नाही. नायक-नायिकेची भेट व्हायच्या आत तो मागची गाडी मीटरगेज की ब्रॉडगेज, ते सांगून मोकळा होतो. आमच्या शेजारचे गार्डकाका त्यातलेच. परवा त्यांच्यासोबत कोन इचिकावांचा ‘टोकियो ऑलिम्पियाड’ पाहिला. 1964 च्या ऑलिम्पिकवरचा हा माहितीपट 1965 साली आला. लांबी जवळजवळ तीन तास. “तीनच? आमची पॅसेंजर एवढा वेळ आउटर सिग्नललाच उभी राहायची,” म्हणत काकांनी मांडी ठोकली.

आयोजकांना सरळ नोंद हवी होती : पहिला कोण, किती सेकंदांत. इचिकावांनी दाखवलं भलतंच. फेकण्याआधी गोळ्याशी चाळा करत बसलेला गडी, मॅरेथॉनवाल्यांचे सोललेले पाय. अबेबे बिकिलाचा निर्विकार चेहरा तर इतका वेळ पडद्यावर, की आपल्यालाच धाप लागावी. सहाएक आठवड्यांपूर्वी अपेंडिक्स कापलेलं आणि हा मॅरेथॉन जिंकतोय, हे सांगितल्यावर काका उसळलेच. “पोट दुखतंय म्हणून सिक टाकणाऱ्यांना बसवा इथं!”

चाड हा तेव्हा चार वर्षांचा देश. तिथला एक धावपटू मेसमध्ये एकटाच जेवत असतो. काकांनी टीव्हीचा आवाज कमी केला. “नव्या रनिंग रूममध्ये, म्हणजे आमच्या मुक्कामाच्या खोलीत, पहिल्या रात्री असंच होतं. ताटाकडंच बघत जेवायचं.”

पण ते खरे सरसावून बसले श्रीलंकेच्या, म्हणजे तेव्हाच्या सिलोनच्या, करुणानंदासाठी. दहा हजार मीटरची शर्यत संपलेली, बिली मिल्स जिंकलेला आणि हा उरलेल्या फेऱ्या एकटा पळतोय. मी विचारलं, “आता कामून पळायलाय हा?” काका चिडले. “शेवटच्या डब्याची पाटी दिसल्याशिवाय गाडी पूर्ण आली, असं स्टेशन मानत नाही. सेक्शन मोकळा कसा देणार?”

आपल्याकडं मात्र कॅमेरा एवढा थांबत नाही. 2017 मध्ये आमच्या परभणीच्या ज्योती गवते मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या. आमच्यापर्यंत पोचला तो पदकाचा फोटो. बेचाळीस किलोमीटर राहूनच गेले. आणि तालुक्याच्या शर्यतीत तर पहिला पोरगा फीत तोडतो न तोडतो, तोच सगळे मोबाइल पाहुण्यांच्या हारांकडे वळतात. शूटिंग करणाऱ्या मंडळींनो, हार थोडे कमी टिपा, पण शेवटचं पोरगं येईपर्यंत कॅमेरा बंद करू नका.